सिनेमातली तिरडी

माझ्या भावाच्या, केसरीनाथच्या मुलीचं, मृणालीचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. हळदीच्या सकाळी केसरीनाथ मांडवाबाहेर खुर्चीत बसून टेम्पोवाल्याशी फोनवर भांडत होता आणि एक कावळा त्याच्या डोक्याला शिवून गेला. मी समोर तांदूळ निवडत होते, मी पाहिलं. त्याची बायको निशा हिनेही पाहिलं. त्याने नुसते केस झटकले आणि भांडण पुढे चालू ठेवलं.

लग्नानंतर त्याच्या छातीत दुखायला लागलं. काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये तो सुपरवायझर होता. तिथल्या जिन्यातच घामाघूम होऊन बसला. ठाण्याच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, हृदयाच्या नळ्या बंद झाल्यात, बायपास करावी लागेल, उशीर करू नका. केसरीनाथने मान हलवली आणि घरी येऊन म्हणाला, "पावसाळा जाऊ दे."

आमच्यात कावळा शिवला की उतारा करतात. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी नात्यात धाडायची. ऐकणाऱ्याने खरं समजून रडायचं. रडून झालं की सांगायचं, माणूस जिवंत आहे. त्या रडण्यावर आलेलं मरण फिटतं. पूर्वी निरोप घेऊन एक माणूस जायचा आणि तोच खरं सांगून परत यायचा. आता एकाला फोन केला तर घटकाभरात हार घातलेला फोटो सगळ्या तालुक्यात फिरतो. निशाला उतारा कर म्हटलं तर ती रडायलाच लागली. "आक्का, माझ्या तोंडून असलं न्हाय निघणार."

त्या दिवसांत कशेळीचा प्रितम, माझ्या नणंदेचा मुलगा, सिनेमा काढत होता. चार बावळट बँक लुटायला जातात. भिंत फोडतात ती शेजारच्या बँडवाल्याच्या दुकानाची. ढोल अंगावर पडतात, गाव जागं होतं. पळायला वाट राहत नाही म्हणून ते गटारीकडेला झोपलेल्या एका बेवड्याला तिरडीवर बांधतात आणि अंत्ययात्रा म्हणून निघतात. पण आमच्याकडे प्रेत चाललेलं दिसलं की माणूस हातातलं काम टाकून मागे चालतो. बघता बघता पाच गावं त्यांच्या मागे लागतात. ज्या बँकेत घुसायचं होतं तिचा मॅनेजरसुद्धा खांदा द्यायला येतो. शेवटी तिरडीवरच बेवडा उठतो आणि पळत सुटतो.

बेवड्याचं काम करायला मुंबईहून एक नट आला होता. तिरडी बघून तो चहा न पिताच परत गेला. गावातलंही कोणी तयार होईना. प्रितम डोकं धरून आमच्या ओटीवर बसला होता. मी म्हटलं, "केसरीनाथ झोपेल."

"मामी, ते आजारी हायत."

"म्हणून तर. झोपायचंच काम हाय ना?"

केसरीनाथ आतून ओरडला, "मेल्याचे पैसे देशील का रे?"

"मामा, बिर्याणी देईन."

"मग दोनदा मरतो."

पण पळायचं काम मी त्याला करू दिलं नाही. त्याने नुसतं उठून बसायचं, पळताना पाठमोरा दुसरा माणूस दाखवायचा, हे मी प्रितमकडून कबूल करून घेतलं. आणखी एक गोष्ट मागितली. यात्रा खारबावला आमच्या सीताबाई आत्याच्या गल्लीतून न्यायची आणि आत्याला आधी काही सांगायचं नाही. फोनवर खोटं सांगायला माझा जीव होत नव्हता. इथे तो तिच्या डोळ्यांसमोर लगेच उठून बसणार होता.

नाकात कापूस, अंगावर गुलाल, गळ्यात झेंडूची माळ. मी तिरडीच्या मागे चालत होते. हे सिनेमाचं आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी पदर डोक्यावर ओढून घेतला. प्रितमने सांगितलेली माणसं थोडी, पण वाटेत खरीच माणसं मागे लागली. एक जण चपला हातात घेऊन मला विचारायला लागला, "कोन गेला गो?"

आत्या दारात भांडी घासत होती. तिने तोंड पाहिलं आणि राखेचे हात तसेच कपाळावर मारले. "माझा केसऱ्या गो! माझ्या मांडीवरचा केसऱ्या!" असं रडली की खांदेकरीही थांबले. मग केसरीनाथ उठून बसला. म्हणाला, "आत्या, न्हाय गेलो अजून." आत्याने त्याला दोन थोबाडीत दिल्या, मग तेच हात त्याच्या तोंडावरून फिरवले. प्रितमने कॅमेरा बंद केला नव्हता.

घरी येताना मी म्हटलं, "फिटलं रे."

"मग झालं तर. डॉक्टरला कळव, पेशंट मरून बरा झाला."

"कावळ्याचं फिटलं. नळ्या तशाच हायत. ते वेगळं, हे वेगळं."

"तूच म्हनलीस ना फिटलं?"

तेव्हापासून निशा ऑपरेशनचं नाव काढी आणि तो आत्याचं रडणं पुढे करी. पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. मी रागावले, जेवण टाकलं. तो माझ्या पुढ्यात ताट आणून ठेवायचा आणि हसवायचा.

पुढच्या जानेवारीत सिनेमा लागला. भिवंडीच्या थेटरात आम्ही सगळे गेलो. सिनेमा चांगला होता, हे मी नात्याचा म्हणून म्हणत नाही. ढोल पडतात तिथे मीही हसले. पण सगळ्यात मोठा हशा आत्याच्या रडण्याला पडला. लोक शिट्ट्या मारत होते. शेजारी आत्या पदर तोंडाला लावून बसली होती. तिला म्हटलं, "चल, जाऊ." ती म्हणाली, "मी खरं रडले होते गो." मी केसरीनाथकडे वळून पाहिलं. एसी चालू होता आणि त्याच्या कपाळावरून घाम वाहत होता. मी त्याचा हात ओढला. तो म्हणाला, "थांब ना, आता मी उठतो."

सिनेमा आठवड्यात उतरला. प्रितमकडे पोस्टर लावायलाही पैसे उरले नव्हते.

फेब्रुवारीत निशाने त्याला न विचारता दवाखान्यात तारीख घेतली. त्या सकाळी पिशवी भरून ठेवली तर हा घरात नाही. गोडाऊनच्या मागे, खाडीकडच्या बांधावर बसलेला मला सापडला. मी जवळ बसले. तो खाडीत खडे टाकत होता. मग म्हणाला, "आक्का, छाती फोडतात. आपन पेट्या फोडतो तशी. तिरडीवर झोपलो तेव्हा मला काय वाटलं न्हाय, कारण उठायचं हाय हे ठाऊक होतं. तिथून उठेन असं कोन सांगतो?"

मी म्हटलं, "मी सांगते."

"तू डॉक्टर हायस?"

मी त्याचा हात धरून बसले. उठताना तो म्हणाला, "शिमगा होऊ दे. शिमग्यानंतर नक्की जातो. आत्याची शपथ." मी निशाला तसं सांगितलं आणि तिने पिशवी परत कपाटावर ठेवली.

शिमग्याच्या आधी, १२ मार्च २०२४ रोजी, मंगळवारी सकाळी, गोडाऊनला जायला चपला घालताना माझा भाऊ केसरीनाथ वारला.