मीठ काढलेले विकर

सरांच्या प्रयोगशाळेत शुद्धतेचे फार स्तोम होते. कोणतेही प्रथिन हाती आले, की आधी त्यातले मीठ काढून टाकायचे. तीस वर्षे हा रिवाज चालला होता आणि तीस वर्षांत तो का पाळायचा, हे कोणी विचारले नव्हते. साध्या जिवाणूंच्या प्रथिनांना त्याने काही बाधत नसे, हे खरे. पण मीठवालीचा सूक्ष्मजीव मिठागरातला होता.

'मीठवाली' हे नाव सरांनीच ठेवलेले. चार वर्षे ही विद्यार्थिनी एकाच कार्बोक्झिलेजच्या मागे होती: तीन कार्बनच्या तुकड्याला चौथा कार्बन जोडणारे विकर. हा जोड झाला नाही, तर प्रोपिओनेट या तीन कार्बनच्या अन्नावर वाढणारा तिचा सूक्ष्मजीव उपाशी मरेल, असे तिचे म्हणणे. सरांच्या लेखी विकरच निकामी होते, आणि आज समितीपुढे ते तिचा विषय बंद करायला निघाले होते.

"तीनदा मोजलं. तीनही वेळा भोपळा!"

"कोणत्या द्रावणात, सर?"

"आपल्या नेहमीच्या. शुद्ध."

"म्हणजे मीठ काढून."

"अगं, मीठ म्हणजे कचरा. हा काय स्वयंपाक आहे?"

समितीत खसखस पिकली. मीठवाली मात्र हसली नाही.

"सर, मासा टेबलावर ठेवून त्याला तीनदा पोहायला सांगितलंत, तरी तीनदा भोपळाच मिळेल."

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "मीठ न काढलेलं काही उरलंय?"

"अर्धं बाजूला ठेवलंय, मॅडम. सरांना न विचारता."

तासाभरात तीन नळ्या लागल्या: मीठ काढलेले विकर, मिठातले विकर आणि विकराशिवाय नुसते मीठ. तिसरी सरांना फाजील वाटली. मीठवालीने ती हट्टाने लावली, कारण स्वतःच्या सोयीच्या आकड्यावर तिचा मुळीच विश्वास नव्हता. जोडला गेलेला किरणोत्सारी कार्बन यंत्राने मोजला. पहिलीत शून्य, तिसरीत शून्य. दुसरीत मिनिटाला चार हजारांवर नोंदी.

"मिठाचं काहीतरी आहे, असं मी म्हणतच होतो," सर म्हणाले.

"कधी?" परीक्षक बाईंनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता विषय चालू ठेवल्याचे लिहून टाकले.

प्रयोगवहीच्या पानावर साक्षीदार म्हणून वरिष्ठाची सही लागते. मीठवालीने वही पुढे केली. पहिली ओळ होती: 'पहिल्या नळीतील मीठ प्रयोगशाळाप्रमुखांच्या सूचनेवरून काढले होते.'

सरांनी ती दोनदा वाचली. "हे वाक्य हवंच का?"

"त्याशिवाय भोपळा कुठून आला, ते वाचणाऱ्याला कसं कळणार, सर?"

सरांनी पेनाचे टोपण काढले.