बाईसाहेबांचं सॉसेज

तंबूपासून गावातल्या पबकडे जाणारी वाट शेतांमधून होती, आणि हिलरीचं डोकं पहिल्याच कुंपणापाशी फिरलं. तिच्या नवऱ्याने, क्लाइव्हने, टॅन्सी कुत्रीला अलगद उचलून पलीकडे ठेवलं. "चला, बाईसाहेब!" बायको मात्र कुंपणाच्या ओल्या लाकडी पायऱ्यांवर एकटीच घसरत होती.

"मलाही हात दे की!"

"अगं, चांगले दोन पाय आहेत तुला."

"तिला चार आहेत!"

त्याने ते ऐकलंही नाही. टॅन्सीच्या कानात अडकलेलं कुसळ काढण्यात तो दंग होता. आपल्या केसांवरून याने असा हात शेवटचा कधी फिरवला, ते हिलरीला काही केल्या आठवेना.

पबमध्ये शिरताच सगळी गिऱ्हाइकं टॅन्सीभोवती जमली. हिलरीला कुणी बस म्हटलं नाही. शेवटी पबच्या मालकानेच तिच्याकडे बघून हसत विचारलं, "आणि बाईसाहेबांना काय देऊ?"

हिलरीचा चेहरा खुलला. ती तोंड उघडणार, तोच क्लाइव्ह म्हणाला, "एक सॉसेज. जरा गार करून द्या, आणि कांदा नको हं, तिला बाधतो."

मालकाने बशी आणून हिलरीच्या पुढ्यात ठेवली. टॅन्सी शेपटी हलवत समोर येऊन बसली. हिलरीने तिच्या डोळ्यांत डोळे घालून सॉसेजचा लचका तोडला.

"अगं, ते तिचंय!" क्लाइव्ह ओरडला.

हिलरीने शेवटचा तुकडाही सावकाश चावून गिळला.

"कांदा मलाही बाधतो, क्लाइव्ह. लग्नाच्या आधीपासून."