पस्तीस मिनिटं

सुरभी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी जबाब लिहून दिला. 'रुग्णास जास्त रक्तस्राव होत असल्याचे मला वेळेत कळविण्यात आले नाही.' खाली सही. बेबी पुंडलिकराव ठाकरे, इन्चार्ज सिस्टर, प्रसूती कक्ष. पांडुरंगाला साक्ष ठेवून सांगते, सही एका दमात केली.

कळवलं होतं. ममतानं कळवलं होतं.

ममता राठोड आमच्या ग्रामीण रुग्णालयात अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आलेली. तांड्यातली पोरगी, पहिलीच नोकरी. त्या दिवशी सुरभी पावणेबाराला बाळंत झाली, मुलगी झाली. बाळंतपण मीच केलं. पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी नि रक्तस्राव बघायचा असतो, ते ममताकडं सोपवून मी महिन्याचा अहवाल भरायला बसले. साडेबाराला ती टेबलाशी आली.

"मॅडम, बेड दोनचं रक्त जास्त वाटून राह्यलं मले."

मी मान वर केली नाही. "वाटते? वाटते म्हंजे काय? तू किती बाळंतपणं केली? जाय डाक्टरीणबाई, आपलं काम कर."

'डाक्टरीणबाई' हे नाव मीच पाडलेलं. मागं एकदा तिनं असंच घाबरून सगळ्यांना गोळा केलं होतं आणि काहीच निघालं नव्हतं. तेव्हापासून झाडूवाल्या बाया, चहावाला, सगळे तिला त्याच नावानं हाक मारायचे. हसणाऱ्यांत मी पहिली.

ती गेली. पुन्हा आली ती एक वाजून पाच मिनिटांनी, आणि तेव्हा तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. सुरभीचे हात गार पडले होते. मग मी धावले. सुया दिल्या, पोट दाबून धरलं, दोन्ही हातांना सलाइन, डॉक्टरसाहेब, एकशे आठची गाडी. यवतमाळ वीस किलोमीटर राहिलं असताना ती गेली. तेवीस वर्षांची होती.

बाळंतीण दगावली की यवतमाळला बैठक होते. घरच्या माणसालाही बोलावतात. कुठं चुकलं ते तिथं ठरतं. आमचे साहेब, दवाखान्याचे अधीक्षक, मला म्हणाले, "ताई, मेट्रनसाठी तुमचं नाव गेलंय. पोरीचं कंत्राट तसंही संपत आलं. कायले प्रकरण वाढवता?"

मी वाढवलं नाही. जबाब दिला.

त्याच आठवड्यात उज्ज्वला सिस्टर आल्या. पुसदच्या. नर्सला नर्सनंच शिकवायचं अशी काही योजना होती. पंधरवड्यातून दोन दिवस त्या आमच्याकडं राहणार होत्या. मला राग आला. औषधं देणाऱ्या राजकुमारला म्हटलं, "अठ्ठावीस वर्षं झाली मले. हे कालची बाई मले काय शिकवते?"

"तुमाले नाही ताई, तुमच्यापासून शिकाले आली असन," तो म्हणाला. मी खूशही झाले.

पण त्या बाईनं शिकवलं काहीच नाही. कोपऱ्यात स्टूल घेऊन बसली, मांडीवर वही. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपताना वही माझ्यापुढं ठेवली. "ताई, दोन दिवसांत न विचारता तुम्हाला कोण काय सांगायला आलं, तेवढं लिहिलंय."

पानावर एकच ओळ होती. 'चहा आणू का?'

"मले सगळं माहीत असते," मी म्हटलं. "मंग कोणी काय सांगन?"

"असं आहे काय," ती म्हणाली. बस, एवढंच. वही पिशवीत टाकली आणि एसटीला निघून गेली. वाद घातला असता तर बरं झालं असतं; मी जिंकले असते. ती ओळ मात्र माझ्याबरोबर घरी आली. पोळ्या लाटताना, देवापुढं बसल्यावर, तीच. चहा आणू का.

पुढच्या खेपेला तिनं सराव घेतला. टेबलावर रबराची बाई, तिच्याखाली ट्रे, आणि लाल पाण्याची सलाइनची बाटली, थेंब थेंब सोडलेली. दुपारची वेळ, पाच-सहा जणी जमलेल्या. उज्ज्वला म्हणाली, "आज ताई नवीन सिस्टर. ममता इन्चार्ज."

बाया खिदळल्या. ममता मागं सरकली. "नाही नाही, मले नाही जमत."

"बस वं खुर्चीवर," मीच म्हटलं. मला गंमत वाटत होती.

ती माझ्या खुर्चीत बसली. माझा पेन घेतला. मी बाईची नाडी धरल्यासारखं केलं, ट्रेत पाहिलं, आणि माझ्या टेबलाशी जाऊन ऐटीत म्हटलं, "मॅडम, रक्त जास्त जाऊन राह्यलं."

ममतानं मान वर केली नाही. कागदावर पेन फिरवत म्हणाली, "जास्त? जास्त म्हंजे काय? तू किती बाळंतपणं केली? जाय डाक्टरीणबाई, आपलं काम कर."

आवाज माझा होता. शेवटी आवाज सोडून द्यायची माझी लकबसुद्धा. कोणी हसलं नाही.

आणि मी परत फिरले. अठ्ठावीस वर्षांत हजारो बाळंतपणं केलेली मी, चार पावलं चालून त्या रबराच्या बाईपाशी येऊन उभी राहिले. पुन्हा जाऊन काय म्हणावं ते सुचेना. ती पुन्हा तसंच बोलली तर? या सगळ्यांपुढं? पाणी ट्रे भरून फरशीवर पसरलं, माझ्या चपलेपर्यंत आलं.

"ताई, किती वेळ झाला?" उज्ज्वलानं विचारलं.

मी घड्याळ बघितलं. सहा मिनिटं. मला सहा मिनिटं बोलता आलं नव्हतं, आणि ती तर बाहुली होती.

बाया निघून गेल्यावर मी उज्ज्वलाला विचारलं, "तुमाले ममतानं त्या दिवसाचं सांगतलं व्हतं?"

"काहीच नाही. मला फक्त एवढं दिसलं की ती तुमच्याकडं बघून बोलत नाही." ट्रे उचलत म्हणाली, "सुरभी गेल्याचं कळलंय मला. जबाबात काय लिहिलंय तुम्ही?"

मी सांगितलं.

"मग आता?"

"तुमीच सांगा काय करू."

"ते मी सांगणार नाही, ताई. मी फक्त विचारते."

त्या आठवड्यात गावात हरिनाम सप्ताह सुरू होता. कीर्तन म्हटलं की मी भाकर विसरते. चाल लागली, टाळांचा गजर झाला की डोळे आपोआप भरतात. त्या दिवशी मात्र कान असून बहिरी बसले होते. बुवांनी एका अभंगाचं चरण धरलं आणि मधला शब्द चुकला. मागं टाळकऱ्यांत आमचे हे उभे होते, पुंडलिकराव. त्यांनी बरोबर शब्द मोठ्यानं उचलला. बुवा थांबले, मागं वळून हात जोडले, आणि तिथून पुढं गायले.

घरी येताना मी विचारलं, "एवढ्या मंडळीत बुवाले टोकता, भेव नाही वाटत?"

"भेव कायले? बुवा मागं कान ठेवते म्हणून तर आमी मागं उभे," ते म्हणाले. "नाहीतर नुसते टाळ कुटाले कोण येते?"

घरी जाऊन देवापुढं बसले, पण नाव येईना तोंडात. माझ्या मागं अशी एक पोरगी उभी होती. तिनं शब्द उचलला होता.

बैठक मंगळवारी होती. यवतमाळला लांब टेबल, टेबलाभोवती आठ-दहा साहेब. एका बाजूला सुरभीचे वडील, भगवानराव, बोरी अरबहून आलेले. पांढरी टोपी मांडीवर धरून बसलेले. आमच्या साहेबांनी कागद वाचून दाखवला. शेवटी म्हणाले, "संबंधित कंत्राटी परिचारिकेने वेळेत कळवले नाही." ममता खाली बघत होती.

मी उभी राहिले.

"साहेब, तो जबाब खोटा आहे. हिनं साडेबाराले मले सांगतलं व्हतं. मी तिले हाकलून देल्लं."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "सिस्टर, याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?"

"हो साहेब."

आमचे साहेब माझ्याकडं असे बघत होते, जशी मी वेडी. त्यांच्याकडं माझं लक्ष नव्हतं. भगवानराव उठले होते.

"बाई," ते म्हणाले, "आमाले तं सांगतलं का इलाज नव्हता. एकाएकी झालं म्हणे. देवाची मर्जी." त्यांचा आवाज अगदी साधा होता, रस्ता विचारावा तसा. "म्हंजे कोणाले तरी समजलं व्हतं?"

"हो भाऊ."

"किती टाइम व्हता?"

"पस्तीस मिनिटं."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "पस्तीस मिनटात मी बजारातून पायी घरी येतो," ते म्हणाले. "मधात दोघाचौघाशी बोलून."

मी हात जोडले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांना मी खरं दिलं होतं आणि त्या खऱ्यानं त्यांच्याजवळ होती नव्हती ती देवाची मर्जीसुद्धा काढून घेतली होती. हे मी घरून निघताना हिशेबात धरलं नव्हतं. मला वाटलं होतं, बोलले की मोकळी होईन.

चौकशी लागली. इन्चार्जपद त्याच दिवशी गेलं. मेट्रनचं नाव तर कोणी काढलंच नाही.

परतताना दवाखान्याच्या जीपमध्ये मागं मी आणि ममता. साहेब पुढं, तोंड खिडकीकडं. यवतमाळ मागं पडलं. मग ममता बाहेर बघतच म्हणाली, "मॅडम, मी दुसऱ्यांदा लवकर याले पाह्यजे व्हतं."

माझ्या जिभेवर आलं होतं, 'अवं, तुझी काय चूक, गप बस.' मायेनंच आलं होतं. पण मायेचं 'गप बस' तेही 'गप बस'च. मी ओठ मिटले.

"उठली व्हती मी. दोनदा उठली. दारापर्यंत आली. तुमचा आवाज आला, तुमी राजकुमारभाऊशी हसून राह्यल्या व्हत्या. मले वाटलं माह्यावरच हसून राह्यल्या." तिनं नाक पुसलं. "सुरभी पाणी मांगे. म्हणे, सिस्टर, मले थंडी वाजते, पोरीले माह्याजवळ देता काय? मी म्हटलं, थांब, मॅडमले इचारून सांगतो."

जीप खड्ड्यातून गेली. तिनं समोरच्या दांड्याला धरलं.

"देल्लीच नाही मॅडम मी तिले पोरगी. तुमाले इचाराचं व्हतं म्हणून."

मी तिच्याकडं वळून बसले. ती बोलत राहिली, पस्तीस मिनिटांतलं एकेक मिनिट, आणि मी ऐकत राहिले.