साहेबांनी तोललेलं मूत्रपिंड

आमच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांना एकच ध्यास. गाभण मेंढीला स्टेरॉइड टोचायचं, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या कोकराची फुफ्फुसं तयार असतात. खरंच असतात हो! एक कोकरू जन्मताच असं ओरडलं की तिसऱ्या मजल्यावरची काच तडकली. खोटं वाटत असेल तर काचवाल्याला विचारा. पण जिथं एकदा टोचून भागलं असतं, तिथं साहेबांनी आठवड्याचा रतीबच लावला.

आमच्या इथल्या ताईंचं काम कोकराचा एकेक अवयव तोलायचं. टिपकागदावर एकदाच टिपायचा आणि काट्यावर ठेवायचा. तीन वर्षं त्या सांगत होत्या, "साहेब, रतीबवाल्या कोकरांची मूत्रपिंडं लहान भरतात."

"बाई, तुम्ही टिपता की पिळता?" साहेब सगळ्यांदेखत म्हणाले आणि त्यांना बाटल्या धुवायला बसवलं.

ताई रडल्या नाहीत. प्रत्येक बाटलीचा गळा साहेबांचा समजून घासत राहिल्या. अशा वेळी शहाण्यानं गाव सोडावं. साहेबांनी उलट बाहेरचे तज्ज्ञ पाहुणे बोलावले.

पाहुणे जमल्यावर ताई पदराला हात पुसत पुढं आल्या. "साहेब, आज तुमच्याच हातानं तोला की. माझा हात पडला पिळणारा."

पाहुण्यांपुढं नाही कसं म्हणणार?

कुठल्या मेंढीला औषध आणि कुठलीला नुसतं मिठाचं पाणी, हे टोचणाऱ्या मला एकट्याला ठाऊक. यादी पाकिटात बंद. तोलून होईपर्यंत तोलणाऱ्याला कळू द्यायचं नाही, हा साहेबांचाच नियम.

"मामा, काही खूण?" साहेब कुजबुजले.

मी ऐकूच न आल्यासारखा कान खाजवला.

साहेबांनी दोन कोकरांची मूत्रपिंडं तोलली. एकाचं टपोरं, दुसऱ्याचं त्याच्या जेमतेम पाऊणपट. टपोरं उंच धरून साहेब गरजले, "पाहा! ही माझ्या इंजेक्शनांची करामत!"

पाहुण्यांनी पाकीट फोडलं. टपोरं निघालं मिठाच्या पाण्याचं.

साहेबांच्या कपाळावर इतका घाम आला की खाली बादली ठेवावी लागली. "चुकून एखादं..." ते पुटपुटले.

"एखादं?" ताईंनी कपाटातून तीन वर्षांच्या वह्या काढल्या आणि खुर्ची ओढली. "बसा सगळे. वाचून दाखवते."

एकेचाळीस कोकरं. प्रत्येक आकड्यानंतर त्या थांबायच्या, साहेबांकडं बघायच्या, मगच पुढचा. पाहुणे लिहून घेत होते.

अठराव्या कोकराला साहेब वाकून हळूच म्हणाले, "ताई, पुरे हो आता."

"पुरे कसं, साहेब?" ताईंनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं. "अजून नुसती डावीच चाललीत."