मशीन तपासायची रीत

ऊर्जानगरात विजेवरून माझ्या नवऱ्याशी वाद घालायची कोणाची टाप नव्हती. खुशाल वीज केंद्राच्या स्विचयार्डात टेक्निशियन. आमचा मिक्सर बंद पडो की शेजारच्या देवानंदभाऊंचा कूलर, त्याचं निदान ठरलेलं, "कॉन्टॅक्ट लूज आहे." आणि बहुतेक वेळा ते खरंही निघायचं, तेच वाईट झालं.

उन्हाळ्यापासून त्याला धाप लागत होती. पाय सुजले, आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. शेवटी मी भांडून त्याला चंद्रपूरला रश्मी मॅडमच्या दवाखान्यात नेलं. मॅडमनी ईसीजी काढला आणि मागच्या वर्षीचा जुना ईसीजी शेजारी ठेवला. जुन्या कागदावर रेघा चांगल्या उंच गेलेल्या, नव्यावर जेमतेम तीन-चार बारीक चौकोन.

"दहा चौकोन म्हणजे एक मिलिव्होल्ट," त्या म्हणाल्या. "तुमचं व्होल्टेज सगळीकडेच कमी आलंय, खुशालभाऊ. हृदयाभोवती पाणी साचलं असेल तर असं होतं. भिंतीपलीकडचं बोलणं ऐकल्यासारखं. आजच नागपूरला जाऊन हृदयाची सोनोग्राफी करा. पाणी असलं तर काढावंच लागेल, नाहीतर ते हृदय दाबून टाकेल."

"मॅडम, मशीन खराब आहे तुमची," खुशाल म्हणाला. "क्लिपा गंजल्या आहेत, त्याच्यानं रीडिंग कमी येऊन राह्यलं. अन् लो व्होल्टेजनं कोणी मरते काय?"

मॅडम हसल्या नाहीत. मीही नाही.

मग सुरू झाली त्याची वणवण. चामोर्शीला माझी नणंद रीता राहते, तिथे ईसीजी काढला. बल्लारपूरला काढला. सगळीकडे रेघा तशाच बुटक्या, आणि प्रत्येक मशीनमध्ये याला काहीतरी खोट सापडायची. इथे जेली कमी लावली, तिथे मशीन इन्व्हर्टरवर होती. मला इतका संताप यायचा, की त्याचे सगळे पकडी-पाने नाल्यात फेकून द्यावेसे वाटायचे. तोवर त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. क्वार्टरचा जिना चढताना मध्येच बसायचा आणि बुटाची लेस बांधतोय असं दाखवायचा.

शेवटी तो स्वतःहूनच परत रश्मी मॅडमकडे निघाला, खिशात पॉलिशपेपर घेऊन. ईसीजी काढणाऱ्या डिंपलला बाजूला बसवून त्याने एकेक क्लिप चकचकीत घासली आणि टेबलावर चढला. कागद आला. रेघा बुटक्याच.

"वायर आतून तुटली असन," तो धापा टाकत म्हणाला.

माझं डोकं फिरलं. "उठा तिथून," मी म्हटलं. "यार्डात मीटर खोटं बोलून राह्यलं असं वाटलं, तर काय करता तुमी?"

"चांगल्या लाइनीवर लावून पाहतो. काऊन?"

"मंग मले लावा."

डिंपलने पडदा ओढला. मी ब्लाउजची बटणं सोडून त्याच टेबलावर आडवी झाले. त्याच क्लिपा, त्याच वायरी, छातीवर तेच थंडगार रबरी फुगे. मी रागाने थरथरत होते, डिंपल म्हणाली, "बाई, हालू नका." मग कागद सरकत बाहेर आला आणि तिने तो पडद्याबाहेर खुशालच्या हातात दिला.

मी कपडे सावरून बाहेर आले, तेव्हा तो नखाने चौकोन मोजत होता. माझ्या रेघा उंच होत्या. त्याने दोन्ही कागद एकमेकांशेजारी धरले. यार्डात हाय व्होल्टेजच्या तारांखाली वावरणारा माणूस, पण त्याच्या चेहऱ्यावर मी भीती पहिल्यांदाच पाहिली.

"गाडी बोलाव," तो म्हणाला.

मॅडमनी नागपूरला फोन केला, ॲम्ब्युलन्स आली. झोपवत नव्हतं म्हणून तो माझ्याशेजारी बसूनच होता. वरोऱ्याच्या अलीकडे म्हणाला, "प्रेमिला, तुयंच बरोबर निघालं." अख्ख्या संसारात हे वाक्य ऐकायला मी तरसले होते. आणि आता वाटलं, कोणीतरी मला खोटी ठरवा रे.

जाम गावाच्या पुढे त्याची मान माझ्या खांद्यावर कलंडली. तो तेव्हाच गेला होता. हे मला बुटीबोरीला कळलं. तोवर मी ड्रायव्हरला दोनदा म्हटलं होतं, "भाऊ, हळू चालवा ना जरा, आत्ताच डोळा लागला त्यायचा."