तीन कानांचा पेला

विद्यापीठातल्या लँटर्न सोसायटी या क्लबात कुणी अर्ज करून जात नसे; बोलावणं यावं लागे. स्वरालीला ते २००५च्या फेब्रुवारीत आलं. लीड्सला शिकायला येऊन तिला पाच महिने झाले होते आणि राहायच्या हॉलच्या सामाईक किचनमध्ये "हाय, ऑलराइट?" यापलीकडे तिच्याशी कुणी फारसं बोललेलं नव्हतं. लंडनला, स्टॅनमोरच्या शाळेत तिच्याभोवती कायम घोळका असे. इथे रविवारी ती लाँड्रीतसुद्धा मुद्दाम रेंगाळायची, कुणी भेटेल म्हणून. बोलावणं वाचून तिने खोलीत एकटीनेच उडी मारली.

सोसायटी मुलींची, जुनी आणि स्वतःवर फार खूश. आधी एक जेवण व्हायचं. मग महिनाअखेरीच्या समारंभाआधी मुलीने हो की नाही ते कळवायचं. हो म्हटलं की पुढची वर्षं सोबत पक्की: राहायला एकत्र घर, सुट्टीतल्या सहली, शनिवारच्या संध्याकाळी.

जेवण संपताना वाइनने भरलेला चांदीचा मोठा पेला निघाला. त्याला तीन कान होते. अध्यक्ष हॅरिएटने एक घोट घेऊन तो डावीकडे दिला. प्रत्येकीने त्यातूनच प्यायचं, ही तिथली रीत. स्वरालीशेजारी बेथन बसली होती. वेल्समधल्या खेड्यातली, स्वरालीच्याच मजल्यावर राहणारी आणि तिच्यासारखीच नव्याने बोलावलेली. पेला हातात आल्यावर ती हळूच म्हणाली, "माझा घसा दुखतोय. मी नुसता पुढे देऊ?"

"लँटर्नमध्ये पेला चुकवत नाहीत," हॅरिएट म्हणाली.

टेबलावर मुठी आपटायला लागल्या. "पी! पी! पी!" बेथन प्यायली. त्या मुठींत स्वरालीचीही एक होती.

मग पेला स्वरालीकडे आला. तिने मान मागे टाकली, पेला ओठांपासून चार बोटं वर धरला आणि बारीक धार सरळ तोंडात सोडली. घरी बाटलीला तोंड लावलं की आईचा आवाज यायचाच, त्यामुळे हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. एक थेंब सांडला नाही. पण टेबल गप्प झालं होतं.

"आमची किळस येते का गं तुला?" कुणीतरी विचारलं.

"नाही, नाही! सवय आहे."

"समारंभाला नीट पी," हॅरिएट म्हणाली. "ओठ लावून. जमणार नसेल तर आधीच सांग."

स्वरालीने घरी फोन लावला. तिला वाटलं होतं, आई नको म्हणेल आणि प्रश्न मिटेल.

"अगं, मग लाव की तोंड!" तिची आई मीनल म्हणाली. "पुण्याला हॉस्टेलमध्ये आम्ही सहा जणी एका बाटलीतून प्यायचो."

"मग मला का ओरडायचीस?"

"माझी आई मला ओरडायची म्हणून. ते सोड. मुली कशा आहेत?"

"आवडल्या मला. पण त्यांनी बेथनला फोर्स केला, आई. म्हणजे... मी पण केला."

"मग आधी तिच्याकडे जा," मीनल म्हणाली.

बेथनने दार उघडलं तेव्हा तिचा डावा गाल टम्म फुगला होता. त्या वर्षी देशभर कॉलेजांत गालगुंडांची साथ होती. स्वराली रोज तिच्यासाठी मुगाची पातळ खिचडी करायला लागली. "यात चावायला काहीच नाही. ग्रेट," बेथन म्हणाली. आणि दोन दिवसांनी, न विचारता, "मला जायचं होतं गं सोसायटीत. पण त्या मुठी आठवल्या की नको वाटतं."

"त्यात माझीही होती."

"माहितेय. मी बघितली."

खिचडी तिने संपवली, एवढाच दिलासा.

जेवणानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात स्वराली आरशासमोर उभी राहिली तर उजवा गाल वर आलेला. ओठ न लावता पिऊनही! एका टेबलाशी सगळ्या खोकत, हसत बसल्या होत्या. धार वरून सोडून काय होणार? समारंभ पुढे ढकलला गेला, कारण निम्मी सोसायटी अंथरुणात होती. हॅरिएटही. बाहेर पडायची परवानगी मिळताच स्वराली तिच्याकडे गेली.

मफलर गुंडाळून बसलेली हॅरिएट तिच्याकडे बघतच राहिली. "तूसुद्धा? अगं, तू तर तोंडही... आई गं, हसवू नकोस, दुखतं!"

"मला यायचंय," स्वराली म्हणाली. "पण जिला प्यायचं नाही तिने पेला नुसता पुढे द्यायचा. कुणी मूठ आपटायची नाही. बेथनला हे आधी सांगायचं, आणि सॉरीसुद्धा."

"मी एकटी ठरवू शकत नाही. सगळ्यांचं मत घ्यावं लागेल."

"घे. मी बोलते त्यांच्याशी."

"आणि हरलीस तर?"

"तर मी येणार नाही." बोलताना तिला लाँड्रीतले रविवार आठवले. तरी तिने वाक्य मागे घेतलं नाही.

हॅरिएटने दुखरा गाल चोळला. "बेथनकडे मात्र मी आधी जाते," ती म्हणाली. "त्याला मत लागत नाही."

ठराव दोन मतांनी पास झाला. इस्टरनंतरच्या समारंभात पेला बेथनपाशी आला. तिने दोन कान धरले, आत डोकावून पाहिलं आणि तो पुढे दिला. टेबल शांत राहिलं. स्वरालीने नेहमीसारखी वरून धार सोडली. मग हॅरिएटने पेला परत मागून घेतला, मान मागे टाकली आणि सगळी वाइन स्वतःच्या कॉलरमध्ये ओतली.

"कोपर खाली!" स्वराली ओरडली. "कोपर खाली घे आधी!"