सगळ्यांचा चहा

इंग्लंडात शेफिल्डला शिकायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात केंड्राच्या हातून पाप घडलं. तिने कपभर पाणी मायक्रोवेव्हमध्ये तापवलं, त्यात चहाची पुडी सोडली आणि तो चहा एकटीने प्यायली. होस्टेलच्या त्या फ्लॅटमध्ये चार खोल्यांना मिळून एकच स्वयंपाकघर, आणि बाकीचे तिघंही तेव्हा तिथेच बसलेले. अशा वेळी इंग्रज माणूस हवेचा विषय काढतो. इमोजेन म्हणाली, "आज जरा उघडल्यासारखं वाटतंय, नाही?" बाहेर तर चांगला पाऊस पडत होता.

शेवटी टॉबीनेच तिला बाजूला घेऊन शहाणं केलं. "हे बघ बाई, किटली लावली की आधी सगळ्यांना विचारायचं. घराला आग लागलेली असली तरी विचारायचं. एकट्याने चहा घेणाऱ्याचं इथे लग्न जमत नाही."

केंड्रा अमेरिकेतल्या नेब्रास्काची. तिथे मैल मैल मक्याची शेतं, आणि माणसाच्या पोटात असतं तेच ओठांवर. तिला वाटलं, एवढंच ना? शिकू की! आणि शिकलीही. इमोजेनचा चहा पांढराफटक, टॉबीचा दोन चमचे साखरेचा, फ्रेयाचा बिनदुधाचा. हळूहळू किटली लावायचं काम तिच्याकडेच आलं. "केंड्रासारखा चहा कुणाला जमत नाही," असं फ्रेया म्हणाली, तेव्हा पोरीला आभाळ ठेंगणं झालं. आपण यांच्यातल्या झालो, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं. भोळेपणाला औषध नाही.

तिच्या आईला मात्र घोर लागलेला. आपल्याच गावात कॉलेज असताना पोरीने भांडून, रडून समुद्रापलीकडे जायचं काढलं, तेही तीन वर्षांसाठी. आणि होस्टेल मिळणार ते फक्त पहिल्या वर्षी. दर रविवारी फोनवर तोच प्रश्न, "पुढच्या वर्षी राहणार कुठे तू? नसेल जमत तर सांग, इथली जागा अजून आहे."

"मॉम, आम्ही चौघं मिळून घर घेणार आहोत. किती वेळा सांगू?"

"त्यांनी सांगितलं तसं?"

"सांगायचं काय त्यात? सगळे एकत्रच तर असतो!"

घर शोधायचं ते वसंत ऋतूत, असा तिचा हिशेब. तिच्या गावात तसंच चालतं. इथली पोरं नाताळच्या आधीच घरं धरून मोकळी होतात आणि मागून येणाऱ्यांना बुरशी आलेली तळघरं उरतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंग, म्हणजे अमेरिकेतला आभार मानायचा सण आला. इथे त्याला कोण विचारतो! त्या दिवशी दुपारपर्यंत तिचे तास होते. अख्खी टर्की त्या फ्लॅटच्या चिमुकल्या ओव्हनमध्ये मावेना, म्हणून कोंबडीवर भागवलं. भोपळ्याच्या डब्यासाठी तिने गाव पालथं घातलं. त्याचा 'पाय' म्हणतात तो गोड पदार्थ केला, बटाटे कुस्करले, टेबल सजवायला कागदाची लाल-पिवळी पानं कापून मांडली. जेवताना घराचा विषय काढायचा, हे तिने मनाशी ठरवलं होतं.

तिघंही वेळेवर आले. "अगं, केवढं हे! कशाला एवढा त्रास घेतलास?" म्हणत ताव मारून जेवले. पाय वाढण्याआधी केंड्रा उभी राहिली.

"आमच्याकडे एक पद्धत आहे. या वर्षी आपण कशाबद्दल आभार मानतो, ते प्रत्येकाने सांगायचं. मोठ्याने."

तिघांचे चेहरे डॉक्टरने कपडे उतरवायला सांगावं तसे झाले.

"मोठ्याने?" फ्रेयाने विचारलं.

"अगदी मनापासून!"

फ्रेयाने आजीच्या बऱ्या झालेल्या गुडघ्याचे आभार मानले. इमोजेनने बटाट्यांचे मानले. मग टॉबीची पाळी आली. लाजून त्याचे कान लाल झाले, आणि असा अडचणीत सापडलेला माणूस खरं बोलून जातो.

"मी आपला... घर मिळालं त्याबद्दल. खरंच, टेकडीवरचं ते घर हातचं गेलं असतं तर आपलं काही खरं नव्हतं."

इमोजेनने टेबलाखालून त्याला लाथ मारली. ती केंड्राच्या पायाला लागली.

"कुठलं घर?" केंड्राने विचारलं.

"पुढच्या वर्षीचं," टॉबी ताटाकडे बघत म्हणाला. "सॉरी. मला वाटलं इमोजेनने सांगितलं असेल."

"आम्हाला वाटलं, तू उन्हाळ्यात परत जाणार," इमोजेन म्हणाली. "अमेरिकन मुलं वर्षभरच असतात ना बहुतेक."

"माझा कोर्स तीन वर्षांचा आहे. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी. याच टेबलावर."

"हो का? सॉरी हं. विचारायला जरा अवघड वाटलं गं."

"किती खोल्या आहेत?"

फ्रेया हळूच म्हणाली, "चार. चौथी माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला दिली. सॉरी, केंड्रा."

सॉरीला काय लागतं! बसमध्ये धक्का लागला तरी तेच आणि माणूस वाऱ्यावर सोडला तरी तेच. त्यातही इमोजेनला सारवासारव करायची हौस. "तू येत जा ना कायम! तुझ्याशिवाय आम्हाला चहा कोण देणार?"

केंड्राला रडू आलं नाही. लाज वाटली, भयंकर लाज. आईशी भांडून आलेली, कागदी पानं कापत बसलेली आपण! आभार मानायला लावून तिने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं.

ती उठली, किटली लावली. तिघांना हायसं वाटलं. टॉबीने तर कपांसाठी टेबलावर जागाही केली. केंड्राने एकच कप घेतला. पुडी सोडली, दूध घातलं आणि त्यांच्यासमोर बसून सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत एकटीने चहा प्यायली.

"पाय छान झालाय हं," फ्रेया म्हणाली. पायला अजून कुणी हातही लावला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. नेब्रास्कात दुपार होती. पडद्यावर पिठाने माखलेली आई, मागे ओव्हनमध्ये टर्की. केंड्रा फोन घेऊन आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

"आले का गं सगळे?"

"आले."

"जेवले पोटभर? आणि आभार मानले का त्यांनी?"

"मानले."

"कशाचे?"

"घर मिळालं त्याचे."

आईने पिठाचेच हात छातीशी धरले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सुटले बाई मी! उगाच तुझ्या मागे लागले होते. चांगली आहेत गं तुझी माणसं. आधी त्यांना फोन दे, मलाही त्यांचे आभार मानू दे."